पार्श्वभूमी : 'बास म्युझिक' या शिक्क्याखाली काय आहे?

काळोखं, जड बासचं (म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचं) प्रायोगिक नृत्यसंगीत नव्याने आलं की त्याच्यावर हल्ली 'बास म्युझिक' असा शिक्का बसतो. बास कुठल्या नाचाच्या संगीतात नसतो? शिक्का मोघम आहे, आणि माझ्या मते तो मुद्दाम मोघम ठेवलाय.

याची मुळं जुनी : जमैकन साउंड सिस्टिम, म्हणजे रस्त्यावरच्या नाचांसाठी रचलेल्या स्पीकरच्या भिंती; मग लंडनचं नव्वदच्या दशकातलं वेगवान जंगल आणि गाण्यांनी सजलेलं गराज. २००० च्या आसपास दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला, रेकॉर्डच्या एका दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी गराजमधलं गाणं आणि झगमग काढून टाकली. रिकाम्या जागेत बास भरला. यालाच पुढे 'डबस्टेप' म्हणू लागले. मिनिटाला १४० ठोके, पण स्नेअरचा (ड्रममधल्या कडक आवाजाच्या ढोलाचा) ठोका चारपैकी तिसऱ्या मात्रेवर एकदाच, म्हणून धावती लय ठाय वाटते. नवा ट्रॅक अ‍ॅसिटेटच्या मऊ तबकडीवर कापून आणायचा आणि वाजवायचा. थोडे दिवस वाजवली की तबकडी झिजलीच. २००५ पासून दक्षिण लंडनच्याच ब्रिक्स्टनमध्ये चर्चच्या इमारतीत या संगीताच्या अंधाऱ्या रात्री रंगू लागल्या. हा बास फार खालचा : ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) लहरीची लांबी जवळपास ७ मीटर. लॅपटॉपच्या स्पीकरला ती झेपत नाही. मिरवणुकीत डॉल्बीपुढे उभं राहून छाती हादरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरा गुंता नावाचा. 'डबस्टेप' हा शब्द २००२ च्या सुमारास रुळला, जानेवारी २००६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेडिओवर त्याचा खास कार्यक्रम झाला. मग तो अमेरिकेत गेला. तिथे खालचा बास मागे पडला आणि मधल्या पट्टीतली गुरगुर पुढे आली, जी फोनवरही ऐकू येते. २०१२ मध्ये तिथल्या एका संगीत निर्मात्याला ३ ग्रॅमी मिळाले आणि जगासाठी डबस्टेप म्हणजे तेच ठरलं. लंडनच्या बऱ्याच जुन्या मंडळींनी भांडण्याऐवजी नावच सोडलं. आधी 'पोस्ट-डबस्टेप' (डबस्टेपनंतरचं) म्हणून पाहिलं. त्यात हळव्या आवाजाची गाणीही शिरली. मग 'बास म्युझिक'. त्याच्या पोटात शिकागोचं मिनिटाला १६० ठोक्यांचं फुटवर्क हे वेगवान नृत्यसंगीतही मावतं, १३० ठोक्यांचं एकसुरी ठेक्याचं हाउसही.

मला हा निर्णय पटलेला नाही. नाव सोडलं तसं क्रॉयडनही पुसलं गेलं. नव्या श्रोत्याला ही पोकळी, हा संथपणा कुठून आला ते कळायला मार्गच नाही. अलीकडे जाणकार या जुन्या घाटाला नुसतं '१४०' म्हणतात. नाव दुसऱ्यांनी नेलं, यांच्याकडे ठोक्यांचा आकडा उरला.