ड्युटी रूम

ड्युटी रूम म्हणजे रुग्णालयात सलग पाळीवर किंवा ऑन कॉल असलेल्या डॉक्टर-परिचारिकांनी मधल्या वेळात पाठ टेकायची खोली. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत तिला डॉक्टर्स रूम किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) रूमही म्हणतात. कागदोपत्री ती 'विश्रांती कक्ष' असते. वसतिगृह आणि ड्युटी रूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसतिगृहात ड्युटी संपल्यावर जायचे असते, ड्युटी रूम ड्युटी चालू असताना लागते. हा फरक ध्यानात न घेता 'हॉस्टेल आवारातच आहे, मग वॉर्डाशेजारी खोली कशाला?' असे विचारले जाते, आणि जागेची ओढाताण सुरू झाली की आधी हीच खोली जाते. तिथे सलाइनच्या खोक्यांचे नाहीतर जुन्या केसपेपरांचे गठ्ठे येऊन पडतात.

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक युनिटचा, म्हणजे एका वरिष्ठ डॉक्टरच्या हाताखालच्या तुकडीचा, आठवड्यातला एक दिवस 'एमर्जन्सी'चा ठरलेला असतो. त्या दिवशी कॅज्युल्टीतून येणारा रुग्ण त्या युनिटचा. निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पुढचे शिक्षण घेणारा डॉक्टर, सकाळी वॉर्डात शिरतो, दिवसभर आणि रात्रभर दाखल होणारे रुग्ण पाहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सगळ्यांचा राउंड देतो. पोस्ट एमर्जन्सीचा दिवसही बहुतेक वेळा कामातच जातो, म्हणून २४ तासांची ड्युटी बोलता बोलता ३६ तासांची होते. या काळात मिळणारी विश्रांती तुकड्यातुकड्यांची असते, इथे २० मिनिटे, तिथे पाऊण तास. हे तुकडे वाया जाऊ न देणे हेच ड्युटी रूमचे काम. आणि ते साधेल की नाही, हे गादीपेक्षा जास्त अंतरावर ठरते. प्रसूती कक्षापासून धावत मिनिटभरात पोहोचता येईल अशी खाट असेल तरच तिच्यावर कोणी आडवे होईल. तीन जिने उतरून, आवार ओलांडून जावे लागत असेल, तर खोली कितीही छान असली तरी डॉक्टर वॉर्डातल्या टेबलावरच डोके टेकणार.

ज्या खोल्या आहेत, त्या बहुधा एकाच साच्यातल्या. दोन लोखंडी खाटा, वॉर्डातूनच आणलेली रेक्झिनची गादी, खिळ्याला अडकवलेले तीन-चार ॲप्रन, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. उशी नसते, ॲप्रनची गुंडाळी डोक्याखाली जाते. बूट काढायचे की नाही यावर बरीच जणे विचारसुद्धा करत नाहीत. डोळा लागतो न लागतो तोच मावशी दारावर थाप मारतात: 'मॅडम, अकरा नंबरच्या बाईला कळा वाढल्यात, सिस्टरनी बोलावलंय.' त्या हाकेनंतरची पहिली काही मिनिटे नाजूक असतात. गाढ झोपेतून एकदम उठवलेल्या माणसाची गुंगी उतरायला साधारण १५ ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात औषधाची मात्रा ठरवण्यासारखा हिशेब चुकू शकतो. म्हणून खोलीत वॉश बेसिन हवे, तोंडावर पाणी मारता यायला हवे. ही चैन नाही, उपचाराचाच भाग आहे.

जागरणाचा परिणाम मोजलेला आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावतात, असे १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. २४ तासांनंतर हा आकडा ०.१० टक्क्याच्या आसपास जातो. अमेरिकेत २००४ साली झालेल्या अभ्यासात, २४ तास आणि त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून छोट्या पाळ्यांच्या तुलनेत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. उलट बाजूही मोजली गेली आहे. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीने कामातली अचूकता आणि सावधपणा दोन्ही लक्षणीय वाढले. हीच २६ मिनिटे वॉर्डात मिळावीत म्हणून ही खोली.

'रेसिडेंट' या शब्दातच राहण्याची जागा दडलेली आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाची जी पद्धत बसवली, तीत शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत. 'निवासी डॉक्टर' हा मराठी शब्द त्याचाच अनुवाद. पुढे राहणे सुटले, तास मात्र तेच राहिले. ४ मार्च १९८४ च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात दाखल झालेली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी सकाळपर्यंत दगावली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक पाळीवर होते आणि त्यांच्यावर देखरेख अपुरी होती, यावरून मोठा वाद झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली. २००३ पासून ८० तासांचा नियम अमेरिकेतल्या सगळ्या प्रशिक्षण कार्यक्रमांना लागू झाला. तिथल्या नियमांत आता शांत, स्वच्छ, सुरक्षित आणि खाजगी झोपण्याची जागा, तीही रुग्णांपासून जवळ, देणे बंधनकारक आहे.

युरोपातल्या वादाचा केंद्रबिंदू मात्र खुद्द ही खोलीच होती. जर्मनीतल्या कील शहरातले डॉक्टर नॉर्बर्ट येगर ऑन कॉल असताना रुग्णालयातच थांबत. त्यांना खाट असलेली खोली दिलेली होती आणि बोलावणे नसेल तेव्हा झोपायची मुभा होती. मग ती झोप विश्रांती धरायची की काम? युरोपीय न्यायालयाने ९ सप्टेंबर २००३ रोजी निकाल दिला की रुग्णालयात हजर राहण्याची सक्ती असेल तर तो सगळा वेळ कामाचाच. डॉक्टर झोपला होता म्हणून तो वजा करता येणार नाही. घर सोडून, हाकेच्या अंतरावर, कान उघडे ठेवून घेतलेली झोप ही घरच्या झोपेसारखी नसते, हे कायद्याने मान्य करण्याचे महत्त्वाचे उदाहरण म्हणून या निकालाकडे पाहायला हवे. ड्युटी रूम आहे म्हणून पाळी लांबवायला हरकत नाही, हा युक्तिवाद त्याने निकालात काढला.

भारतात १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती, अर्थात कामाची निकड नसेल तेव्हा. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस केली. ३२ वर्षांनी सुधारणा म्हणून मागितलेला आकडा मूळ मर्यादेच्या दीडपट आहे, ही गोष्ट थांबून वाचण्यासारखी आहे. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची संघटना मार्ड राहण्याच्या जागेचा प्रश्न वारंवार मांडत आली आहे. जानेवारी २०२३ च्या राज्यव्यापी संपात वसतिगृहांची दुरुस्ती ही एक मागणी होती.

खोलीला आतून लागणारी कडी हा या विषयाचा सगळ्यात गंभीर भाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात लांब ड्युटीत थोडी झोप घ्यायला सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. मध्ये अर्धशतक गेले, तरी एकीला कपडे बदलायला तळघर शोधावे लागले आणि दुसरीला झोपायला सभागृह.

२० ऑगस्ट २०२४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग यांची आठवण काढली आणि नोंदवले की रात्रपाळीच्या डॉक्टरांना पुरेशी विश्रांतीची जागा मिळत नाही, अनेकदा ते रुग्णांच्या खोलीत किंवा सार्वजनिक जागेत पडतात, आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या ड्युटी रूम बहुतांशी नसतातच. न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाकडे विचारासाठी दिलेल्या मुद्द्यांत प्रत्येक विभागात पुरुष डॉक्टर, स्त्री डॉक्टर, पुरुष परिचारक आणि स्त्री परिचारिका यांच्यासाठी स्वतंत्र खोल्या, शिवाय सर्वांसाठी एक सामाईक जागा, हवा खेळती, पुरेशा खाटा, पिण्याचे पाणी आणि दारावर सुरक्षा-यंत्रणा यांचा समावेश होता. पश्चिम बंगाल सरकारने 'रात्तिरेर साथी' योजनेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहासह वेगळ्या विश्रांती-खोल्या जाहीर केल्या. पण शक्यतो स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये असेही त्यात म्हटले होते. सुरक्षा द्यायची ती काम काढून घेऊन नव्हे, असे न्यायालयाने सुनावल्यावर सरकारने ते कलम मागे घेण्याचे मान्य केले.

परिचारिकांची अडचण थोडी निराळी आहे. त्यांची पाळी डॉक्टरांपेक्षा आखीव असते, पण रात्रभर जागे राहणे हेच त्यांचे काम मानले जाते, त्यामुळे झोपेची सोय मागणेच चुकीचे ठरते. जपानमध्ये लांब रात्रपाळीत परिचारिकांनी आळीपाळीने झोप घेण्याची पद्धत रूढ आहे आणि तिला तिथे नावही आहे, 'कामिन'. आपल्याकडे सिस्टर नर्सिंग स्टेशनच्या खुर्चीतच पेंगतात. औषधांची नोंदवही समोर उघडी असते, इन्फ्यूजन पंप वाजला की दचकून उठायचे.

आणि मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने १५० हून जास्त कामगारांच्या कारखान्यात विश्रांती-खोली सक्तीची केली होती, पण रुग्णालय सहसा कारखान्यात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ज्या चार गटांची नावे घेऊन स्वतंत्र खोल्यांचा मुद्दा मांडला, त्यांत वॉर्डबॉय आणि आया यांचे नाव नाही. मध्यरात्री मृतदेह हलवणाऱ्या, स्ट्रेचर ढकलणाऱ्या, बाळंतिणीची चादर बदलणाऱ्या माणसांची जागा अजून लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर आहे. लिफ्टचे दार उघडले की पाय आखडून घ्यावे लागतात.