सॉफ्टनरमधलं मीठ नेमकं करतं काय?

आमच्याकडे बोअरचं पाणी तापवायचा गंज आठ-पंधरा दिवसांत आतून पांढरा होतो. नखानं खरवडलं की पापुद्रा निघतो, त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो. हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडक-मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. तेच आपलं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण डाळीच्या पेशी सांधून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं.

आता गावातल्या नव्या घरांतही सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, दिसू लागलेत. पाहणारा हमखास विचारतो, ‘‘एवढं मीठ टाकता, मग पाणी खारट नाही होत का?’’ प्रश्न रास्त आहे. पण पाणी मऊ करायचं काम मिठाचं नाहीच. ते करतात उभ्या टाकीतले खसखशीएवढे पिवळसर मणी. हे रेझिनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, मणी ऋणभारित असतात आणि सुरुवातीला त्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यांच्यातून गेलं की कॅल्शियम मण्याला चिकटतं आणि सोडियम सुटून पाण्यात येतं. कॅल्शियमवर दोन धनभार, सोडियमवर एकच. म्हणून मणी कॅल्शियमला जास्त घट्ट धरतात आणि एकाच्या बदल्यात दोन सोडियम सोडतात.

काही दिवसांनी मणी कॅल्शियमनं भरून जातात. तेव्हा बाजूच्या टाकीतलं मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवतात. सोडियमची पकड ढिली खरी, पण इथं त्याची गर्दीच इतकी असते की कॅल्शियमला जागा सोडावी लागते. मग मणी धुऊन निघतात आणि ते खारं पाणी नालीत जातं. टाकीतलं मीठ संपलं तर यंत्रातून पाणी येत राहतं, पण जडच.

ही अदलाबदल आपल्या काळ्या मातीतही चालते. मातीला असा गुण आहे हे इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे यांनी 1850च्या सुमारास दाखवलं, रेझिन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात मातीच्या कणांवर सोडियम बसलेलं आहे, म्हणून ती माती ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी, आणि पाणी मुरू न देणारी. त्यावर जिप्सम टाकतात, कारण जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. सॉफ्टनरच्या बरोबर उलट! म्हणूनच सॉफ्टनरचं धुवण वावरात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

आणखी एक. सॉफ्टनरनं खारं पाणी गोडं होत नाही, क्षार फक्त बदलतात. लिटरमागे 100 मिलिग्रॅम जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) काढला की पाण्यात साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसासाठी पिण्याचं पाणी वेगळं ठेवावं. झाडांनाही हे मऊ पाणी नको. आमच्या घरी परसातल्या नळाचा फाटा सॉफ्टनरच्या आधीच काढलाय. कढीपत्त्याला बोअरचं जड पाणीच जातं.