आभासी रसायन प्रयोगशाळा

रसायनशास्त्रातील प्रयोगकौशल्ये संगणकाच्या पडद्यावर, बहुधा इंटरनेटवरून, शिकविण्याची व्यवस्था. येथे काचपात्रे, रसायने व मापनसाधने चित्ररूप असतात आणि विक्रियेचा परिणाम गणिती प्रारूपावरून काढला जातो. खरी उपकरणे दुरून चालविण्याच्या ‘दूरस्थ प्रयोगशाळे’लाही काही लेखक हेच नाव देतात, मात्र दोन्ही वेगळ्या ठेवणे अधिक सोयीचे.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, हे व्याख्येवर ठरते. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ संगणकप्रणालीवर स्टॅन्ली स्मिथ यांनी साधारणतः १९७० च्या आगेमागे कार्बनी रसायनशास्त्राचे संवादी पाठ रचले. त्यांना आरंभ मानण्याकडे एक कल दिसतो. पण ठरीव पाठात विद्यार्थ्याला मनाजोगी चूक करता येत नाही. त्या कसोटीवर कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड यॅरन यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास आकाराला आलेली प्रयोगशाळा अधिक ग्राह्य वाटते. तीत कोणतेही द्रावण कोणत्याही द्रावणात ओतता येते आणि प्रत्येक मिश्रणाचा रासायनिक समतोल संगणक नव्याने मांडतो. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील ब्रायन वुडफील्ड यांनी गुणात्मक विश्लेषणासाठी, म्हणजे पदार्थात कोणते घटक आहेत ते ओळखण्यासाठी, निराळी वाट धरली. अवक्षेपांचे (द्रावणातून वेगळ्या होणाऱ्या न विरघळणाऱ्या पदार्थांचे) रंग व पोत चित्रकाराने रंगविण्याऐवजी प्रत्यक्ष प्रयोगांची छायाचित्रे वापरली. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ हा संवादी संगणकीय प्रारूपांचा प्रकल्प मुख्यतः संकल्पना समजावण्यासाठी आहे. हस्तकौशल्याशी त्याचा संबंध बेताचाच.

प्रारूपाची खरी परीक्षा अनुमापनात, म्हणजे ज्ञात संहतीचे (तीव्रतेचे) द्रावण थोडेथोडे सोडून दुसऱ्या द्रावणाची संहती काढण्यात, होते. ०.१ मोलर (मोलर हे संहतीचे एकक) हायड्रोक्लोरिक अम्लाच्या २५ मिलि. द्रावणात तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेल्यास २४.९ मिलि.ला पीएच (आम्लतेचे माप; ७ म्हणजे उदासीन) सुमारे ३.७ असतो, तर २५.१ मिलि.ला सुमारे १०.३. ब्युरेटमधून (तळाला तोटी असलेल्या मापननळीतून) पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलि.चा असतो, म्हणजे ही सारी उडी चार थेंबांत संपते. तोटीवरचा हात याच चार थेंबांसाठी तयार करावा लागतो. माऊसच्या टिचकीने नेमके ०.०५ मिलि. सोडता आले, तर आकडेमोड बिनचूक येते, पण हात तयार होत नाही. शिवाय निव्वळ गणिती प्रारूपात दर वेळी तेच वाचन मिळते. उत्तम प्रतीच्या ५० मिलि. ब्युरेटमध्येही सुमारे ±०.०५ मिलि. त्रुटीची सूट गृहीत असते. म्हणून काही प्रारूपांत यादृच्छिक त्रुटी मुद्दाम मिसळावी लागते. द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड डोळ्याच्या पातळीत आणून वाचण्याची सवय दृश्य मोठे करून काही अंशी लावता येते. वास, काचेची उष्णता, घट्ट बसलेले बूच यांना पडद्यावर तूर्त जागा नाही.

प्रत्यक्ष प्रयोगापूर्वीची तयारी, घातक वा महाग रसायनांचे प्रयोग आणि दूरशिक्षण हे याचे नेहमीचे उपयोग. २०२० च्या महासाथीत प्रयोगशाळा बंद पडल्याने वापर एकाएकी वाढला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या धोरणानुसार अशी साधने प्रत्यक्ष प्रयोगांना पूरक ठरतात, पर्याय नव्हेत.