एफडीजी : रक्तातली फ्लोरिनवाली साखर आणि ‘डिऑक्सी’ची भानगड

‘मामाले शुगर शे, मंग हाई साखर कसाले देतस?’ पेट स्कॅनच्या (किरणोत्सारी औषध टोचून शरीराच्या आतलं चित्र काढायच्या तपासणीच्या) खोलीबाहेर धुळ्याकडच्या एका भाचीने तंत्रज्ञाला विचारलं. मामा रात्रीपासून उपाशी, साधा चहासुद्धा नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधलेला, स्कॅननंतर खायला. प्रश्न रास्त आहे, कारण स्कॅनआधी टोचतात त्या एफडीजीच्या इंजेक्शनला सगळेच ‘साखरेचं इंजेक्शन’ म्हणतात. पण त्यातल्या किरणोत्सारी रेणूंचं वजन नॅनोग्रॅमच्या घरात असतं, आणि मोठ्या माणसाच्या रक्तात एरवीच पाचेक ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं. त्याने मामांची शुगर वाढायची नाही. उलट मामांचीच वाढलेली शुगर त्या इंजेक्शनच्या आड येते. पेशीत शिरायचं दार ग्लुकोज आणि एफडीजी दोघांना एकच, तिथे ग्लुकोजची गर्दी असली की चित्र फिकं येतं. म्हणून आधी बोटातून रक्त घेऊन तपासतात आणि आकडा २००च्या वर गेला तर बहुतेक ठिकाणी तारीख पुढे ढकलतात.

कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात, हे १९२०च्या दशकात जर्मनीत दिसलं होतं. १९५४ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढून टाकला तरी पेशी त्याला आत घेते, फॉस्फेट चिकटवते, पण पुढची पायरी अडते. ती पायरी म्हणजे फ्रुक्टोजच्या रूपात जाणं, आणि त्यासाठी नेमका दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन लागतो. फॉस्फेटमुळे विद्युतभार आलेला असतो, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून बाहेरही पडता येत नाही. रेणू आत कोंडला जातो. पेट स्कॅनमध्ये जे चमकतं ते हे कोंडलेलं.

आता नाव. एफडीजी म्हणजे २-डिऑक्सी-२-फ्लोरो-डी-ग्लुकोज. त्यातल्या दोन ‘२’ आकड्यांवर विद्यार्थी हमखास अडखळतात. ऑक्सिजन काढला तोही दुसऱ्या कार्बनवरून आणि फ्लोरिन बसवला तोही तिथेच, एवढाच त्याचा अर्थ. फ्लोरिन अंगाने लहान, हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) जागी जवळपास मावणारा, म्हणून पेशीचं दार फसतं. मूत्रपिंड मात्र फसत नाही. गाळलेलं ग्लुकोज तिथे परत उचललं जातं, पण उचलणाऱ्या प्रथिनाला दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल लागतो. तो नसल्यामुळे एफडीजी लघवीवाटे निघून जातं. ‘भरपूर पाणी प्या, मशीनवर झोपायच्या आधी लघवीला जाऊन या’ ही सूचना त्यातूनच आली.

या नावातली खरी गंमत वेगळीच आहे, आणि पुस्तकं ती एका ओळीत उरकतात. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ विघटन पावला की त्याचा ऑक्सिजन-१८ होतो. हा ऑक्सिजन आसपासचा एक हायड्रोजन उचलतो आणि दुसऱ्या कार्बनवर पुन्हा हायड्रॉक्सिल तयार! म्हणजे ‘फ्लोरो’ गेला आणि ‘डिऑक्सी’ही खोटं ठरलं. उरतं ते जरा जड ऑक्सिजनचं ग्लुकोज-६-फॉस्फेट, जे पेशी नेहमीच्या ग्लुकोजसारखं पचवून टाकते. साखरेचं इंजेक्शन हे लोकांचं नाव सुरुवातीला चुकीचं वाटतं, पण शेवटी तेच खरं होतं.

कारखानदारीचा इतिहास त्यापुढचा. साधा, किरणोत्सारी नसलेला रेणू १९६८च्या सुमारास प्रागमध्ये तयार झाला. गाजावाजा झाला तो १९७६चा. अमेरिकेत लाँग आयलंडवर फ्लोरिन-१८ घातलेला रेणू बनवून विमानाने फिलाडेल्फियाला नेला आणि ऑगस्टमध्ये दोन स्वयंसेवकांना टोचला. प्रागच्या मंडळींचं नाव मागे राहिलं, ते काही बरं झालं नाही. ती १९७६ची रीत तशी उधळीच होती. फ्लोरिन वायू वापरायचा म्हणजे दोन अणूंची जोडी, त्यातला एकच रेणूला चिकटणार, म्हणून निम्मी किरणोत्सारिता आधीच वाया. वर ग्लुकोजच्या जोडीने मॅनोज या दुसऱ्या साखरेचा फ्लोरिनवाला भाऊही भेसळीसारखा तयार होई. १९८६ मध्ये जर्मनीत उलटी युक्ती केली गेली. सुरुवातच मॅनोजपासून केली. मॅनोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन ग्लुकोजच्या विरुद्ध बाजूला असतो. त्या जागी सहज सुटणारा गट लावला. फ्लोराइड पाठीमागून आला, गट पुढून सुटला, बाजू उलटली आणि ग्लुकोजचा आकार आपोआप मिळाला. माझ्या मते खरा टप्पा हाच. आजही एफडीजी मुख्यतः याच वाटेने बनतं.

भारतात पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) २००२ मध्ये मुंबईत परळला आलं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्मा होतो. मुंबईहून धुळं सव्वातीनशे किलोमीटर, गाडीला सहा तास धरले तर सकाळी भरलेल्या कुपीत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. नंदुरबार त्याहून लांब, आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रक अडकला तर हिशोब आणखी बिघडतो. दहापट माल भरून पाठवता येतो, पण मग शिशाची पेटी आणखी जाड लागते. त्यापेक्षा मामांनाच रात्रीच्या एसटीत बसवणं सोपं पडतं.