थकव्याच्या हिशेबातली अनिश्चितता

धातूच्या भागावर तो एका झटक्यात मोडेल इतका भार कधीच आला नाही, तरी लहान ताणांच्या लाखो आवर्तनांनी त्यात सूक्ष्म तडा जातो, तो वाढत जातो आणि भाग तुटतो. या धातूच्या थकव्याचा हिशेब मांडताना प्रत्येक आवर्तन आयुष्याचा काही अंश खर्च करते असे मानून ते अंश बेरजेत धरले जातात. पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि मायनर यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या या नियमानुसार बेरीज एक झाली की आयुष्य संपते. रस्त्यावरच्या वाहनाची कंपने मात्र अनियमित असल्याने त्यांतली आवर्तने आधी वेगळी काढावी लागतात. त्यासाठी मात्सुइशी आणि एंडो यांनी १९६८ मध्ये सुचवलेली 'रेनफ्लो' गणना वापरतात.

खरी अडचण पुढे आहे. हानी, म्हणजे आयुष्याचा खर्च झालेला अंश, ताणाच्या मोठ्या घाताप्रमाणे वाढते. तो घात ८ आहे आणि कंपन एकाच वारंवारितेभोवती घुटमळणारे, सामान्य वितरणाचे (घंटेच्या आकाराच्या वक्राचे) आहे असे समजू. मग सुमारे १.१ टक्के आवर्तनांचेच शिखर प्रमाण विचलनाच्या (सरासरीभोवतीच्या पसरणीच्या मापाच्या) तिपटीपलीकडे जाते, पण निम्म्याहून अधिक हानी तेवढ्यांतूनच होते. म्हणून कंपनांच्या थोड्या वेळाच्या नोंदीत अशी मोठी शिखरे किती सापडली यावर सगळे उत्तर हेलकावते, आणि तोच रस्ता, तोच वेग ठेवून घेतलेली दुसरी नोंद बरेच वेगळे उत्तर देते. एकाच नोंदीतून काढलेला आकडा निश्चित मानणे मला धोक्याचे वाटते.

परिस्थिती बदलत नसेल, तर नोंद चौपट लांब केल्यावर हा विखुरलेपणा साधारण निम्मा होतो. नोंद एकच असेल, तर तिचे तुकडे पाडून प्रत्येकाची हानी काढावी आणि त्यांच्यातील फरकावरून अंदाज बांधावा. मात्र एका तुकड्यातले कंपन पुढच्या तुकड्यात रेंगाळणार नाही इतके ते लांब हवेत.

लांब नोंदीने सगळेच सुटत नाही. संवेदकाने ताण ५ टक्के जास्त दाखवला, तर घात ८ असताना हानी सुमारे ४८ टक्के जास्त निघते, मग नोंद कितीही लांब असो. एकाच धातूच्या नमुन्यांचे आयुष्यही वेगवेगळे निघते, आणि मायनरची बेरीज भारांचा क्रम विचारातच घेत नसल्यामुळे भाग प्रत्यक्षात एकच्या बराच आधी किंवा नंतर मोडू शकतो. या चुका वेगळ्या मोजून, हानीच्या आकड्यासोबत त्याची व्याप्तीही अहवालात लिहायला हवी.