ड जीवनसत्त्व आणि मधुमेह: वीस की तीस?

मुडदुसावरचा इलाज म्हणून ठाऊक असलेलं ड जीवनसत्त्व मधुमेहाच्या चर्चेत शिरलं ते १९८० मध्ये. ते न मिळालेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी स्रवतं, असं त्या वर्षीच्या प्रयोगांत दिसलं. पुढे पाहणी-अभ्यासांची रांग लागली: रक्तातलं प्रमाण कमी, तिथे टाइप २ मधुमेह जास्त. पण लठ्ठपणात हे प्रमाण एरवीही कमीच असतं आणि मधुमेहाचा धोकाही जास्त असतो. तेव्हा कशामुळे काय झालं, हे त्यातून ठरत नव्हतं.

खरा घोळ झाला तो 'कमतरता' या शब्दाचा. २०१०च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम हाडांसाठी जवळजवळ सगळ्यांना पुरेसं धरलं. २०११ मध्ये तिथल्याच अंतःस्रावतज्ज्ञांच्या (संप्रेरकांच्या विकारांवरच्या डॉक्टरांच्या) संघटनेने २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ म्हणजे अपुरेपणा आणि ३० पासून पुढे पुरेसं, अशी विभागणी केली. एकाच देशात, एका वर्षाच्या आत, दोन रेषा! पहिल्या समितीचा आकडा मुळात निदानासाठी नव्हताच. निम्म्या लोकांची गरज १६ वरच भागते, २० हा बहुतेकांना सामावून घेणारा वरचा टप्पा होता. २० च्या खालच्या प्रत्येकाला रुग्ण ठरवणं चूक, असं त्या समितीतल्या काहींनी २०१६ मध्ये लिहिलं. तोवर तपासण्या आणि गोळ्या दोन्ही वाढल्या होत्या आणि 'अपुरेपणा' हा शब्द रिपोर्टवर रुळला होता.

हा आकड्यांचा वाद मधुमेहावर या जीवनसत्त्वाचा उपयोग पाहणाऱ्या चाचण्यांनाही भोवला. २०१९च्या मोठ्या चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या २४२३ जणांपैकी काहींना रोज ४००० युनिट, तर बाकीच्यांना नुसतीच दिखाऊ गोळी दिली. धोका १२ टक्क्यांनी कमी दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. मात्र यातल्या बहुतेकांची पातळी मुळातच २० च्या वर होती. भरलेल्या घागरीत पाणी ओतून तहान मोजावी, तसा हा प्रकार, असं माझं मत. १२ च्या खाली असलेल्या मोजक्या लोकांत फायदा ठळक दिसला, पण ते विश्लेषण नंतर केलेलं होतं आणि माणसंही थोडी होती.

२०२३ मध्ये तीन चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा मधुमेह होण्याचा धोका १५ टक्क्यांनी घटलेला दिसला. प्रत्यक्षात म्हणजे तीन वर्षांत शंभरात तिघे कमी. त्यातल्या एका चाचणीत साधी गोळी नव्हती, जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपासारखं बनवलेलं औषध होतं, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

२०२४ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या त्या संघटनेने स्वतःचाच ३० चा आकडा मागे घेतला. सरसकट रक्त तपासू नका म्हटलं, पण मधुमेहपूर्व अवस्थेत जास्त धोका असलेल्या प्रौढांना आहार-व्यायामाच्या जोडीला ड द्यायला हरकत नाही, असंही सुचवलं. मधुमेह आधीच जडलेल्यांच्या एचबीए१सीवर (दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेच्या मापावर) मात्र परिणाम किरकोळच दिसतो, तोही प्रत्येक अभ्यासात सारखा नाही.