एमपी३ संपला नाही, त्याची पेटंटं संपली

एमपी३ म्हणजे संगीत कमी जागेत साठवण्याचा फाइल फॉरमॅट. मे २०१७मध्ये ‘एमपी३ संपला’ अशा बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात, फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने २३ एप्रिलला एमपी३च्या पेटंटांचे परवाने देणं थांबवलं होतं. पेटंटांची मुदतच सरली होती, त्यामुळे विकायला परवाना उरला नव्हता. आणि त्यामुळेच एमपी३ सगळ्यांसाठी खुला झाला. जुना फॉरमॅट ठेवावा की नवा घ्यावा, हे ठरवताना ही गोष्ट आधी माहीत हवी. आवाज साठवायच्या फॉरमॅटपैकी काही चांगल्या आवाजासाठी जन्मले, तर काही परवान्यांच्या जाचामुळे.

सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा आणि तेही दोन चॅनेलचे. मिनिटाला साधारण १० एमबी! ऐंशीच्या दशकातल्या फोनलाइनवरून हे पाठवणं अशक्य होतं. एर्लांगेनमध्ये कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादेचा आधार घेतला. मोठ्या आवाजालगतचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, मग तो जसाच्या तसा कशाला साठवायचा? या तत्त्वावरचं प्रमाण १९९३मध्ये प्रसिद्ध झालं. फाइलच्या नावाला ‘एमपी३’ हे शेपूट लावायचं ठरलं १४ जुलै १९९५ला. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट या वेगाला, फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शावर येते.

याची किंमत मोजावी लागते ती टाळ, चिपळ्या, तबला अशा एकदम उमटणाऱ्या आवाजांत. एमपी३ ध्वनीचे तुकडे करून काम करतो. शांततेनंतर तुकड्याच्या मध्येच ठोका आला, की जागा वाचवायला आकडे ढोबळ करताना झालेली चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेतही पसरते आणि ठोक्याची धार बोथट होते. अशा जागी एमपी३ आपला तुकडा १९२ नमुन्यांपर्यंतच लहान करू शकतो. १९९७मध्ये आलेला एएसी हा नवा फॉरमॅट १२८ नमुन्यांपर्यंत जातो. त्याच आकारात एएसी सहसा सरस ठरतो, त्यामागचं हे एक ठोस कारण. २००३मध्ये ॲपलने आपल्या संगीत दुकानासाठी एएसीच निवडला.

दुसरी शाखा, म्हणजे परवान्यांच्या जाचातून जन्मलेले फॉरमॅट, मला जास्त जवळची वाटते. १९९८मध्ये फ्राउनहोफरने फुकट एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारी सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांना परवान्याच्या पैशांबद्दल पत्रं धाडली. त्यानंतर ख्रिस माँटगोमेरी यांनी व्हॉर्बिस या पेटंटमुक्त फॉरमॅटचं काम जोमाने हाती घेतलं. २००२मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याच्या आदल्या वर्षी जॉश कोल्सन यांचा फ्लॅक हा फॉरमॅट आला होता. फ्लॅक काहीच टाकून देत नाही, फक्त घट्ट बांधून ठेवतो. २०१२मध्ये ओपस हा आणखी एक फॉरमॅट प्रमाणित झाला. बोलणं आणि संगीत दोन्ही तो कमी जागेत छान सांभाळतो. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ओपसमध्येच असतात.

घरातल्या जुन्या कॅसेटवरचं कीर्तन किंवा आजीच्या ओव्या संगणकावर घेणार असाल, तर मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा, याबाबत तडजोड नको. गाडीतल्या पेनड्राइव्हसाठी त्यावरून एमपी३ काढा, कारण जुनी यंत्रं ओपस वाजवतीलच असं नाही. हाताशी मुळातच एमपी३ असेल, तर तो तसाच राहू द्या. त्याचा ओपस केला तर आणखी काही गळतं, आणि फ्लॅक केला तर गेलेलं परत न येता फाइल तेवढी फुगते.